प्राचल, धुरा आणि लवण : संगणकावरील भूदृश्यरचनेविषयी

सामान्यरूप शिकवताना मी दरवर्षी फळ्यावर दोन शब्द लिहितो, 'घोडा' आणि 'शाळा'. दोन्ही आकारान्त, दोघांना लावायचा प्रत्यय एकच, 'ला'. तरी एकाचे 'घोड्याला' होते आणि दुसऱ्याचे 'शाळेला'. विद्यार्थ्यांना कारण चटकन सापडते : एक शब्द पुल्लिंगी आहे, दुसरा स्त्रीलिंगी. लिंग बदलले की रूप बदलते. आपण 'घोड्याला' हे रूप पाठ केलेले नसते. पाठ असतो तो संबंध. म्हणून उद्या 'फळा' किंवा 'बाटली' आली तरी आपले अडत नाही. मग मागच्या बाकावरून कोणीतरी 'राजा' काढतो, त्याचे 'राज्याला' का होत नाही असे विचारतो आणि तास रंगतो.

प्राचलाधिष्ठित रचना, म्हणजे ज्याला वास्तुशास्त्राचे विद्यार्थी 'पॅरामेट्रिक डिझाइन' म्हणतात, ती समजून घ्यायला साहित्याच्या माणसाला यापेक्षा जवळचे दार नाही. नेहमीच्या नकाशात रचनाकार रेघ काढतो. इथे तो रेघ काढत नाही. रेघ कशावर अवलंबून आहे ते लिहून ठेवतो. झाडांच्या दोन ओळींतले अंतर सहा मीटर असे न लिहिता ते अंतर मातीची खोली, झाडाचा पूर्ण वाढलेला घेर आणि ट्रॅक्टरची रुंदी यांच्याशी कसे बांधलेले आहे, ते सांगतो. यांतला एक आकडा बदलला की संगणक सगळी बाग नव्याने मांडून दाखवतो.

'प्राचल' हा शब्द आपल्याकडे गणिताच्या आणि संख्याशास्त्राच्या पुस्तकांतून आला. चल म्हणजे बदलणारी राशी, अचल म्हणजे न बदलणारी. प्राचल या दोहोंच्या मधला : एका विशिष्ट उदाहरणात तो स्थिर असतो, पण उदाहरण बदलले की बदलतो. एखाद्या शेताचा उतार त्या शेतापुरता ठरलेला असतो, शेजारच्या शेतात तो वेगळा असतो. शब्द थोडा कोरडा आहे, पण चुकीचा नाही. 'लँडस्केप आर्किटेक्चर'साठी मी इथे भूदृश्यरचना हा शब्द वापरतो आहे. तिचा अर्थ केवळ बगीचा सजवणे असा घेऊ नये. जमिनीला उतार देणे, पाणी वळवणे, झाडे, पायवाटा, सावली आणि माणसांची ये-जा यांची एकत्र मांडणी करणे, हे सगळे तिच्यात येते.

ही कल्पना संगणकाच्या आधीची आहे. इटालियन वास्तुकार लुइजी मोरेत्ती याने 'प्राचलाधिष्ठित वास्तुरचना' हा शब्दप्रयोग विसाव्या शतकाच्या मध्यावर केला आणि १९६०मध्ये मिलान येथील प्रदर्शनात स्टेडियमचे आराखडे मांडले. प्रेक्षकाला मैदान कुठून किती चांगले दिसते, या हिशेबातून त्या स्टेडियमचा आकार आला होता. १९६३मध्ये आयव्हन सदरलँड याने 'स्केचपॅड' ही प्रणाली तयार केली. तिच्यात दोन रेघा समांतर राहाव्यात अशी अट घालता येई आणि एक हलवली तरी यंत्र ती अट पाळत असे. भूदृश्यरचनेच्या बाजूने इयन मॅकहार्ग याचे 'डिझाइन विथ नेचर' हे पुस्तक १९६९चे. माती, उतार, पाणी, वनस्पती यांचे पारदर्शक नकाशे एकावर एक ठेवून कोणती जमीन कशाला योग्य हे ठरवण्याची त्याची पद्धत आजच्या संगणकीय नकाशांच्या मुळाशी आहे. आज विद्यार्थी ज्यावर शिकतात ते 'ग्रासहॉपर' डेव्हिड रटन याने २००७च्या सुमारास तयार केले. त्यात पडद्यावर छोटे चौकोन असतात, ते तारांनी एकमेकांना जोडायचे आणि स्लायडर सरकवून आकडे बदलायचे. चीनमधील शिआन शहरात २०११च्या उद्यान-प्रदर्शनासाठी झालेली मोठी रचना याच विचाराची.

इथे एका मोहाचा उल्लेख केला पाहिजे. शुल्बसूत्रांत श्येनचितीचे, म्हणजे गरुडाच्या आकाराच्या यज्ञवेदीचे, क्षेत्रफळ साडेसात चौरस पुरुष सांगितले आहे आणि पुढच्या प्रत्येक वेळी एक चौरस पुरुष वाढवून आकार मात्र तोच राखायचा आहे. 'पुरुष' हे माप यजमानाने हात वर केल्यावर भरणाऱ्या उंचीचे, म्हणजे यजमान बदलला की सगळी वेदी बदलते. हा नमुना विलक्षण आहे. पण म्हणून 'ग्रासहॉपर आमच्याकडे होतेच' असे म्हणणे मला पटत नाही. दोन ठिकाणी एकच विचार सुचला, एवढ्याने माझे समाधान होते.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. माझी एक जुनी विद्यार्थिनी बारावीनंतर वास्तुशास्त्राकडे गेली आणि पुढे भूदृश्यरचना शिकू लागली. दिवाळीला गावी आली तेव्हा तिने मला घरी बोलावले. सौंसर तालुक्यात तिच्या कुटुंबाची संत्र्याची बाग आहे. बागेचा एक तुकडा, साधारण हेक्टरभर, जुनी झाडे वाळल्यामुळे मोकळा झाला होता आणि पावसाळ्यात तिथे नवी कलमे लावायची होती. तिने त्या तुकड्याचा नमुना संगणकात तयार केला होता. ओसरीवर आजोबा होते, वडील होते, लॅपटॉप खाटेवर होता.

आधी तिने सोपे गणित दाखवले. सहा बाय सहा मीटरवर चौकोनी पद्धतीने लावले तर हेक्टरी २७७ झाडे बसतात. हेच अंतर ठेवून षट्कोनी मांडणी केली, म्हणजे एका ओळीतले झाड पुढच्या ओळीतल्या दोन झाडांच्या मधोमध आले, तर ओळींतले अंतर सहाऐवजी ५.२ मीटरच्या आसपास येते आणि झाडे ३२० होतात. त्रेचाळीस झाडे जास्त. वडिलांचे डोळे चमकले. आजोबा म्हणाले, ''अन् वखर कुठून घालशीन?'' चौकोनी बागेत उभी-आडवी दोन्ही वखरणी होते. षट्कोनात ओळीची दिशा सोडली तर बाकीच्या दिशा तिरप्या होतात. त्यावर मुलीने तक्रार केली नाही. तिने वखरणीची दिशा ही एक अट म्हणून घातली आणि षट्कोन बाद झाला. मला ही गोष्ट फार आवडली. या पद्धतीत आक्षेपालाही आकड्याच्या रूपाने आत येता येते.

मग पाणी. टेकडीच्या पायथ्याची जमीन, उतार सुमारे ५ टक्के, म्हणजे वीस मीटर चालले की एक मीटर खाली. अशा जमिनीवर सलग समतल चर खणतात. चर ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल असेल तर एका मीटर लांबीत १८० लिटर पाणी मावते. पुढचा हिशेब शाळकरी आहे. एका दिवसात ५० मिलिमीटर पाऊस पडला तर हेक्टरावर ५०० घनमीटर पाणी उतरते. त्यातले ३० टक्के वाहून जाते असे गृहीत धरू, म्हणजे १५० घनमीटर. ते अडवायला ८३३ मीटर चर लागतो, आणि शंभर मीटर रुंदीच्या शेतात तो दर बारा मीटरवर येतो. बारा मीटर म्हणजे झाडांच्या दोन ओळी. एकाआड एक ओळीला चर, सुरेख जुळले.

तिने पावसाचा स्लायडर ८० मिलिमीटरवर नेला. चर एकदम साडेसात मीटरवर आले आणि झाडांच्या ओळींना छेदू लागले. आता दोन वाटा होत्या. ओळींचे अंतर बदलायचे, किंवा चर बारा मीटरवरच ठेवून त्याची खोली वाढवायची. दुसऱ्या वाटेने खोली ४८ सेंटिमीटर निघाली. कागदावर हे करायला संध्याकाळ लागली असती. इथे आजोबांचा चहा संपायच्या आत चार पर्याय समोर होते. वाचकांच्या मनात प्रश्न येईल की, यात रचना कुठे आहे, हा तर नुसता हिशेब. मलाही तसेच वाटले होते. पण ओळी, चर, पाण्याची वाट आणि वखराची वाट यांचा एकमेकांशी मेळ बसतो तेव्हा शेताला जो आकार येतो, तो पाहिल्यावर माझा आग्रह थोडा सैल झाला. वृत्तात गणांची अट पाळूनच ओळ चालू लागते, हे आपण दुसऱ्यांना शिकवतो.

त्या संध्याकाळी दोन गोष्टी घडल्या आणि त्या दोन्ही सांगितल्या पाहिजेत, कारण एकच सांगितली तर चित्र खोटे होईल.

पहिली अशी की, जुन्या बागेतल्या ओळी धुऱ्याला समांतर होत्या. धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध. तो वाटणीच्या वेळी पडतो, उताराशी त्याचा संबंध असेलच असे नाही. पडद्यावर उताराचे रंग आले तेव्हा दिसले की चाळीस वर्षे त्या ओळी उताराच्या दिशेने खाली जात होत्या आणि ओळींमधून पाणी व माती दोन्ही खाली धावत होती. ओळी वळवून समतल रेषेवर आणल्या तर कडेची नऊ झाडे कमी होत होती. आजोबा बराच वेळ गप्प बसले. नंतर म्हणाले, ''दोरी धुऱ्यालेच बांधली होती आम्ही.''

दुसरी गोष्ट लगेच झाली. शेताच्या खालच्या कोपऱ्यात संगणकाने सरळ चर काढला होता. आजोबांनी तिथे बोट ठेवले. ''पोरी, इथं लवन आहे. तुह्या कम्पुटरले दिसलं नाही का?'' लवण म्हणजे जमिनीतला खोलगट भाग, जिथे पाणी आपसूक गोळा होते आणि तिथूनच पुढे जाते. संगणकाला ते दिसले नव्हते याचे कारण साधे आहे. तिने घेतलेली उंचीची माहिती फेब्रुवारी २०००मध्ये अंतराळयानातून झालेल्या रडार-मोजणीची होती. ती कोणालाही फुकट मिळते, पण तिच्यातला एक चौकोन तीस मीटर बाय तीस मीटरचा असतो. एका हेक्टरात असे जेमतेम अकरा चौकोन. आठ-दहा मीटर रुंदीचे लवण त्या एका चौकोनाच्या सरासरीत बुडून जाते.

लवण सापडल्यावर एवढेच झाले नाही की चर थोडा सरकला. तिथली माती वेगळी होती. वरची जमीन बरड, म्हणजे मुरमाड, उथळ, पाणी न धरणारी. लवणातली जमीन कन्हार, म्हणजे काळी, खोल, चिकण. बरडात चर पाणी अडवतो आणि झाडाला जगवतो. कन्हारात तोच चर पाणी साठवून झाडाला मारतो, कारण संत्र्याच्या मुळांना साचलेले पाणी सोसत नाही. मुळे कुजतात, खोडावर डिंक्या येतो. तिथे चराला हलका ढाळ देऊन पाणी बाहेर काढावे लागते. म्हणजे एकाच नियमाचे चिन्ह मातीप्रमाणे उलटते. 'घोडा' आणि 'शाळा' पुन्हा समोर आले : अन्त्य स्वर तोच, प्रत्यय तोच, लिंग वेगळे, रूप वेगळे. तिच्या नमुन्यात मातीचा प्रकार हा प्राचल नव्हताच. नसलेल्या प्राचलाचा स्लायडर कितीही सरकवला तरी सरकत नाही.

या ठिकाणी भाषेचा प्रश्न सुरू होतो आणि माझ्या मते तोच या पद्धतीचा गाभा आहे. संगणक परिणाम काढतो, आणि ते काम तो आपल्यापेक्षा चांगले करतो. पण कशाला प्राचल म्हणायचे हे तो ठरवत नाही. ते माणूस ठरवतो, आणि माणूस ठरवतो ते त्याच्याकडे शब्द असतील त्याप्रमाणे. आपल्या भागात ही वाटणी विचित्र झाली आहे. १९५६च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्ह्याबरोबर सौंसर-पांढुर्ण्याचा मराठी मुलूख मध्य प्रदेशात राहिला. २०२३मध्ये या दोन तालुक्यांचा मिळून पांढुर्णा जिल्हा झाला. इथल्या शेतकऱ्याच्या जमिनीचा कागद हिंदीत आहे, मुलीचे सॉफ्टवेअर इंग्रजीत आहे आणि माती मराठीत आहे, तीही वऱ्हाडी-नागपुरी वळणाच्या. धुरा, पांदण, आखर, लवण, बरड, कन्हार हे शब्द पहिल्या दोन ठिकाणी नाहीत. कागदावर 'असिंचित', पडद्यावर उंचीचा आकडा, आणि मधे काही नाही.

हे केवळ एका बागेपुरते नाही. मध्य प्रदेशात शेततळ्यांच्या जागा निवडण्यासाठी 'सिपरी' नावाची संगणक प्रणाली वापरली जाते. २०२५च्या जलगंगा संवर्धन अभियानात तिचा मोठा उपयोग झाला. उतार आणि पाण्याचा प्रवाह पाहून ती जागा सुचवते. यामुळे चुकीच्या जागी तळे खोदण्याचे प्रमाण कमी होत असेल तर आनंदच आहे. वशिल्याने ठरलेली तळी आपण सगळ्यांनी कोरडी पाहिली आहेत. पण सुचवलेल्या जागेवर जाऊन 'इथे पांदण आहे, पावसाळ्यात बैलगाडी इथूनच जाते' हे सांगणारा माणूस आणि ते लिहून घेणारा रकाना, दोन्ही लागतात.

सार्वजनिक जागांची रचना घ्या. सौंसरजवळ जामसावळीला पिंपळाखाली पहुडलेल्या हनुमानाचे मंदिर आहे, तिथे २०२३मध्ये हनुमान लोकाचे भूमिपूजन झाले. मंगळवारी, शनिवारी आणि हनुमान जयंतीला उन्हात रांग लागते अशा कोणत्याही आवारात पहिला प्रश्न सावलीचा. आपण साधारण २१.६ अंश अक्षांशावर आहोत. त्यामुळे मेच्या अखेरीस आणि जुलैच्या मध्यावर, असा वर्षातून दोनदा सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर येतो आणि झाडाची सावली बुंध्याशी गोळा होते. डिसेंबरच्या २१-२२ तारखेला दुपारचा सूर्य बरोबर ४५ अंशांवर असतो, म्हणजे वीस फुटांच्या झाडाची सावली उत्तरेकडे वीस फूट पडते. मे महिन्यात दुपारी चारच्या सुमाराला सावली झाडाच्या उंचीपेक्षा लांब होऊन पूर्वेकडे जाते. तेव्हा दुपारच्या रांगेला झाडे डोक्यावर हवीत, संध्याकाळच्या रांगेला पश्चिमेला, आणि थंडीत जिथे लोकांना ऊन हवे तिथे ती दक्षिणेला नकोत. हे सगळे एका नमुन्यात बसते. त्यात आणखी एक प्राचल घालावा लागतो, झाडाची पानगळ : पिंपळ उन्हाळ्याच्या तोंडाशी ओका होतो आणि ऐन उन्हात पुन्हा भरतो. हे ज्याने पाहिले आहे त्यालाच तो रकाना सुचेल.

पांढुर्ण्याच्या जाम नदीकाठाचे उदाहरण याहून अवघड आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामध्ये, नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून गोटमार होते. माणसे जखमी होतात. त्या प्रथेविषयी मतभेद आहेत आणि माझेही मत आहे, पण ते इथे अस्थानी ठरेल. प्रश्न रचनेचा आहे. काठावर किती माणसे उभी राहतात याची वर्षाची सरासरी काढली तर ती जवळजवळ शून्य येईल, आणि त्या सरासरीवर आखलेला घाट त्या एका दिवशी धोक्याचा ठरेल. वर्गातला 'राजा' तो हाच. नियम मोडणारे उदाहरण म्हणून त्याला बाजूला ठेवता येत नाही, त्याच्यासाठी नियमातच जागा करावी लागते.

काही सहकारी म्हणतात की, हे अभियंत्यांचे काम, मराठी विभागाने यात पडू नये. परिभाषा तयार करताना आपण नेहमी इंग्रजी शब्द पुढ्यात ठेवतो आणि त्याला मराठी प्रतिशब्द शोधतो. 'प्राचल' तसा आला, आणि तो हवाच होता. उलट दिशेने मात्र आपण क्वचितच जातो : मराठी शब्द घ्यायचा आणि त्यात दडलेले मोजमाप उघडे करायचे. बरड म्हणजे किती वीत माती? लवण म्हणायला किती खोली लागते, आणि पावसानंतर किती दिवस ओल? कोशात 'खोलगट जागा' एवढे लिहून भागते, कारण कोशाला वाचक हवा असतो. नमुन्याला आकडा लागतो.

यंदा पदवीच्या वर्गाला मी निबंधाऐवजी हे काम दिले आहे. प्रत्येकाने घरच्या किंवा ओळखीच्या शेतातले पाच शब्द आणायचे. शब्द, तो कोणी सांगितला, त्या जागेचा उतार, मातीची खोली आणि पाणी थांबते की जाते, एवढे पाच रकाने भरायचे. उतार मोजायला आम्ही लाकडाच्या तीन पट्ट्या, दोरी आणि गोटा यांची ए-फ्रेम बनवली. तिची किंमत दोनशे रुपयांच्या आत बसली. ज्यांच्या घरी शेत नाही अशा मुलांनी बाजारात आलेल्या शेतकऱ्यांना गाठले, आणि त्यांचेच कागद अधिक भरून आले. माझी ती विद्यार्थिनी हे कागद मागते आहे. तिच्या नमुन्यात आता मातीचा रकाना आहे आणि स्लायडरवर 'बरड–कन्हार' असे लिहिलेले आहे. पहिल्या आठवड्यात 'लवण' या एका शब्दाची चार वर्णने आली. त्यांतली दोन एकमेकांच्या विरुद्ध आहेत : एका गावात लवणात झाड लावत नाहीत, दुसऱ्या गावात पहिले कलम तिथेच लावतात. पुढच्या रविवारी ए-फ्रेम घेऊन आम्ही त्या दुसऱ्या गावाला जाणार आहोत.